यंत्र आखणाऱ्यांनो, ड्रॉइंगमध्ये आमच्या हाताला जागा ठेवा

प्रति,
यंत्रांचे आराखडे करणारे अभियंते, डिझाइन विभागांचे प्रमुख आणि यंत्रनिर्मिती कंपन्यांचे मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमची-आमची गाठ सहसा पडत नाही. तुम्ही आखलेलं यंत्र कारखान्यात येतं, तुमची माणसं ते बसवतात, चालवून दाखवतात, कागदांवर सह्या होतात आणि तुमचा विभाग पुढच्या ऑर्डरला लागतो. तिथून पुढची पंधरा-वीस वर्षं, कधी कधी तीससुद्धा, ते यंत्र आमच्या हातात असतं. मी मेंटेनन्स फिटर आहे. पंप, गिअर बॉक्स, कन्व्हेअर, ब्लोअर, हायड्रॉलिक प्रेस यांच्या दुरुस्तीत माझं कामाचं आयुष्य गेलं. यंत्राच्या पोटात काय आहे ते मी तुमच्या ड्रॉइंगवरून जेवढं शिकलो त्याहून जास्त बोटांनी चाचपून शिकलो, कारण बऱ्याच ठिकाणी डोळ्यांना दिसेल एवढी जागाच ठेवलेली नसते.

त्या जागेबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

लाइन चार तास बंद राहिली की विचारणा मेंटेनन्सकडे होते: इतका वेळ का लागला? प्रत्यक्ष बेअरिंग बदलायला पाऊण तास लागलेला असतो. बाकीचा वेळ बेअरिंगपर्यंत पोहोचण्यात गेलेला असतो. आधी फिरत्या भागांवरचा संरक्षक गार्ड काढा, मग गार्डमागून गेलेली ऑइलची पाइप सोडवा, पाइपच्या आड केबल ट्रे येतो म्हणून तो सैल करा, आणि मोटर उचलायला वर हुक लावण्याची सोय नाही म्हणून चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) टांगायला तात्पुरता घोडा उभा करा. हा सगळा वेळ यंत्र अजून तुमच्या पडद्यावर असतानाच ठरून गेलेला असतो. ब्रेकडाऊन रिपोर्टमध्ये मात्र तो आमच्या नावावर चढतो.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. डिझाइन पक्कं करण्यापूर्वी त्यातला झिजणारा प्रत्येक भाग कोण, कोणत्या हत्याराने आणि कुठे उभं राहून काढणार आहे, ते ठरवा. आणि ते ठरवताना रोज यंत्रं उघडणारा एक तरी माणूस तुमच्या खोलीत बसलेला असू द्या.

पान्यापासून सुरुवात करतो. बोल्टच्या भोवती पाना फिरायला जागा लागते, सॉकेट घालायचं तर डोक्यावर उंची लागते, आणि पान्यामागे माणसाचा पंजा असतो, तोही हातमोज्यातला. सहाकोनी डोक्याला पाना पुन्हा धरायचा तर तो साठ अंश फिरावा लागतो. तोंड तिरकं असलेला पाना दरवेळी उलटवून धरला तर तीस अंशांत भागतं. तेवढीही जागा नसेल तर बोल्ट निघतो, पण एकेक आटा सोडवताना जीव जातो. परत बसवताना अडचण याहून मोठी असते. मॅन्युअलमध्ये टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा छापलेला असतो आणि टॉर्क रेंच त्या कोपऱ्यात शिरतच नाही. मग माणूस हाताच्या अंदाजाने आवळतो. पुढे तो बोल्ट सैल झाला किंवा तुटला की तपासात ‘चुकीची फिटिंग’ असं कारण लिहिलं जातं. ज्या जागी रेंच जात नाही त्या जागेसाठी टॉर्क छापू नका. त्याआधी जागा बदला.

बोल्टांच्या मापांबद्दलही थोडं. एम १० च्या, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जुन्या जर्मन मापात १७ मिलिमीटरचं आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ मापात १६ चं असतं. एम १२ चं १९ आणि १८. एकाच गार्डवर ही दोन्ही मापं, मध्येच दोन एलन (सहाकोनी खाचेचे) आणि कोपऱ्यात एक फिलिप्स (फुलीच्या खाचेचा) असं मिश्रण आम्हाला नेहमी भेटतं. तुमच्या असेंब्ली शॉपमध्ये हत्यारांची भिंत समोर असते. आमचा माणूस शिडीवर असतो, कमरेला हार्नेस आणि खिशात मावतील तेवढेच पाने.

बेअरिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फिरणाऱ्या यंत्रात आमचा सर्वांत जास्त वेळ त्याच्यापाशी जातो. बेअरिंगच्या कॅटलॉगात प्रत्येक नंबरापुढे शाफ्टच्या खांद्याचा, म्हणजे बेअरिंग टेकतं त्या पायरीचा, जास्तीत जास्त व्यास दिलेला असतो. तो ओलांडून खांदा आतल्या रिंगेइतका उंच केला की पुलरच्या (बेअरिंग ओढून काढायच्या हत्याराच्या) पंजाला धरायला कडाच उरत नाही. मग पंजा बाहेरच्या रिंगेला लावावा लागतो. आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसलेली असते, त्यामुळे सगळी ओढ गोळ्यांमधून जाते आणि गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. नुसतं गळती अडवणारं सील बदलण्यासाठी काढलेलं चांगलं बेअरिंग अशा रीतीने भंगारात जातं. त्यातूनही निघालं नाही तर रिंग कापावी लागते, आणि कापताना शाफ्टला चरा पडला की एका बेअरिंगचं काम शाफ्टवर येतं. हे सगळं टाळायला खांद्यात पुलरसाठी दोन खाचा पुरतात. एंड कव्हरला जॅकिंग बोल्टसाठी (आवळत गेलं की भाग रेटून हलवणारा बोल्ट) आटे पाडलेली दोन भोकं दिली की छिन्नी ठोकून कव्हर उकलायची गरज उरत नाही, आणि कव्हरची बसण्याची कडही शाबूत राहते. मोठ्या बेअरिंगसाठी शाफ्टमधल्या बारीक भोकातून तेल दाबून रिंग सैल करायची पद्धत १९४० च्या दशकापासून वापरात आहे. ते भोक आणि ती खाच शाफ्ट तुमच्या मशीन शॉपमध्ये असतानाच पडायला हवी. शाफ्ट आमच्याकडे चालू यंत्रात आल्यावर त्यात भोक पाडायची सोय नसते आणि तसा धोकाही कोणी पत्करू नये.

चांगलं डिझाइनही आम्ही ओळखतो, त्याची कदर करतो. बॅक पुल-आउट पंप घ्या. मोटर आणि पंप यांच्यामध्ये स्पेसर कपलिंग असतं, म्हणजे दोन्ही शाफ्ट जोडणारा, मधला तुकडा काढता येणारा जोड. मधला स्पेसर काढला की बेअरिंग ब्रॅकेट, शाफ्ट, सील आणि इम्पेलर (द्रव ढकलणारं चाक) हे सगळं एकसंध मागे येतं. केसिंग, पाइपलाइन आणि मोटर आपापल्या जागी राहतात. तेल आणि वायू उद्योगातल्या पंपांसाठीच्या एपीआय ६१० या मानकात स्पेसर किमान १२५ मिलिमीटर लांबीचा हवा असं सांगितलेलं आहे. ही १२५ मिलिमीटरची मोकळी जागा कोणीतरी पंप उघडणाऱ्या माणसाचा विचार करून ठेवली. आणि बेसप्लेट थोडी आखूड व्हावी म्हणून हाच स्पेसर गाळलेले पंपही आमच्याकडे येतात. तिथे सील बदलायला मोटर सरकवावी लागते, म्हणजे पायाखालचे पातळ पत्रे (शिम) निघाले, दोन शाफ्टची एका रेषेतली जुळणी (अलाइनमेंट) गेली, डायल गेज किंवा लेझर लावून सगळं पहिल्यापासून. त्यात मोटरच्या पायांना बाजूने रेटायला जॅकिंग बोल्ट दिलेले नसले की शतांश मिलिमीटरच्या कामासाठी मोटरच्या पायावर हातोडा मारावा लागतो. बेसप्लेटच्या पोलादात जे वाचलं ते पहिल्याच सीलच्या वेळी बंद पडलेल्या उत्पादनात गेलेलं असतं.

आता एक जुनी आणि वाईट घटना आठवून देतो. २५ मे १९७९ रोजी शिकागोच्या ओ’हेर विमानतळावरून उडताना अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं डावं इंजिन पायलॉनसकट (इंजिन पंखाला टांगणाऱ्या सांगाड्यासकट) पंखापासून निखळलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ जण गेले. तपासात पायलॉनच्या मागच्या बल्कहेडला (भार पेलणाऱ्या आडव्या भिंतीला) तडा सापडला, आणि तो देखभालीच्या वेळी पडला होता. निर्मात्याची पद्धत अशी होती की आधी इंजिन उतरवायचं, मग पायलॉन. विमान कंपनीच्या लोकांनी दोन्ही एकदम फोर्कलिफ्टवर उतरवायची पद्धत काढली, कारण त्यात प्रत्येक विमानामागे सुमारे २०० मनुष्य-तास वाचत होते. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर एवढं अवजड धूड मिलिमीटरच्या हिशेबात धरून ठेवणं शक्य नव्हतं. ते जरा हललं की बल्कहेडच्या कडेवर भार येत होता. दुसऱ्या एका विमान कंपनीतही याच पद्धतीने असाच तडा पडल्याचं आधी आढळलं होतं.

ही घटना वाचणारे बहुतेक लोक देखभाल करणाऱ्यांना दोष देतात, आणि तो दोष आहेच. पण मला तुमचं लक्ष त्या २०० तासांकडे वेधायचं आहे. मंजूर पद्धत आणि सोपी पद्धत यांच्यात एवढं अंतर असेल तर माणसं सोपी वाट शोधतात. जगातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये हे घडतं, कारण वेळेचा रेटा खालच्या माणसावर येतो. फोर्कलिफ्ट आणली जाणार हे तुम्ही गृहीतच धरायला हवं. मग ती आणायची गरज पडू नये असं आखा, किंवा आणली तरी चालेल असे उचलायचे पॉइंट द्या.

दुसरी घटना १० जून १९९० ची. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाच्या कॉकपिटची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर खेचले गेले. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं आणि सहवैमानिकाने विमान सुखरूप उतरवलं, कॅप्टनही वाचले. ती काच उड्डाणाच्या आदल्या दिवशीच, रात्रपाळीत बदललेली होती. नव्वदपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच कमी निघाले, उरलेले ६ आखूड होते. बोल्ट जुन्याशी नजरेने जुळवून निवडले होते. तपास अहवालातली एक बारीक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. बोल्ट बसवणारा माणूस ज्या उचल-फलाटावर उभा होता तिथून त्याचा हात काचेपर्यंत नीट पोहोचत नव्हता. त्याला ओणवं व्हावं लागत होतं, आणि बोल्ट आट्यात कसा बसतो आहे हे त्याच्याच हाताआड जात होतं. शिवाय काच बाहेरून बसणारी होती, म्हणजे केबिनचा सगळा दाब त्या बोल्टांवरच. आतून बसणारी असती तर दाबानेच ती चौकटीवर घट्ट बसली असती.

जवळजवळ सारखे दिसणारे दोन भाग, एकाच भोकात दोन्ही जातात, आणि फरक नजरेला कळत नाही: हे चित्र प्रत्येक कारखान्यात आहे. एकाच मॅनिफोल्डवर (तेलाच्या वाटा जिथून फुटतात त्या ठोकळ्यावर) प्रेशर आणि रिटर्न दोन्हींना एकाच आट्याचं फिटिंग. पॅनेलमध्ये शेजारी-शेजारी एकसारखे दोन प्लग. उलटीही बसते अशी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारी), वर बाण खोदलेला, पण रंगाखाली गेलेला. युरोपच्या २००६ च्या मशिनरी डायरेक्टिव्हमध्ये (यंत्रांच्या सुरक्षेच्या नियमावलीत) याबद्दल थेट लिहिलं आहे: भाग बसवताना होऊ शकणाऱ्या धोकादायक चुका मुळात डिझाइननेच अशक्य करायच्या, ते जमलं नाही तरच भागावर खूण किंवा सूचना. तुम्ही बहुतेक वेळा थेट सूचनेवर जाता. दोन वेगळ्या मापांचे प्लग वापरणं तुमच्यासाठी ड्रॉइंगमधली एक ओळ आहे. आमच्यासाठी ती रात्री तीन वाजता, झोपेशी झगडताना, चूक होऊच न देणारी गोष्ट आहे.

आता कुलपाबद्दल. माझ्या मनात हा भाग सर्वांत वर आहे, कारण इथे माणसं मरतात.

यंत्रात हात घालण्याआधी आम्ही ते ऊर्जेपासून तोडतो, कुलूप लावतो, चावी स्वतःच्या खिशात ठेवतो आणि मग यंत्र खरंच मेलं आहे का ते तपासतो. अमेरिकेच्या लॉकआउट-टॅगआउट (कुलूप आणि फलक लावूनच काम करायच्या) नियमात तर स्पष्ट म्हटलं आहे की २ जानेवारी १९९० नंतर बसवलेल्या नव्या यंत्रांचे आयसोलेटर (ऊर्जा तोडणारे स्विच आणि व्हॉल्व्ह) कुलूप लावता येईल असेच आखलेले हवेत. तरीही बॉल व्हॉल्व्हच्या हँडलला कुलपाचं भोक नाही, म्हणून साखळी आणि तार गुंडाळून काम चालवणारे लोक मी पाहत आलो आहे. मेन स्विच बंद केला म्हणून यंत्र मेलं असं होत नाही. ॲक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या टाकीत) तेल दाबाखाली उभं असतं, सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, मोटरची गती सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते, प्रेसचा वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली यायला टपलेला असतो. तुम्ही या प्रत्येक ठिकाणी ऊर्जा कशी साठवायची हे मोजून आखता. ती सोडायची कशी आणि सुटली हे बघायचं कसं, तेही तितक्याच मोजून आखा. ॲक्युम्युलेटरला ड्रेन व्हॉल्व्ह द्या, त्याच्या बाजूला प्रेशर गेज द्या, आणि ते गेज आयसोलेशन व्हॉल्व्हच्या आमच्या बाजूला असू द्या. पलीकडच्या बाजूचं गेज आम्हाला काही सांगत नाही. रॅमखाली टेकू द्यायचा तर टेकू यंत्रासोबतच द्या, त्याच्या वजनाचा हिशेब करून, आणि तो ठेवायची जागा यंत्रावरच असू द्या. नाहीतर त्या जागी लाकडाचा ओंडका येतो.

आणखी एक गोष्ट डिझाइन विभागांच्या लक्षात येत नाही असं मला वाटतं. पूर्ण लाइनला एकच आयसोलेटर दिला की एका अडकलेल्या खोक्यासाठी किंवा एका सेन्सरसाठी अख्खी लाइन बंद करावी लागते. परत चालू करताना सगळं होमिंग (प्रत्येक भाग सुरुवातीच्या जागी आणणं), सगळं गरम करणं पहिल्यापासून. उत्पादनाची माणसं डोक्यावर उभी असतात. अशा वेळी कुलूप न लावता ‘फक्त एक मिनिट’ म्हणून हात आत जातो. लाइनचे भाग पाडा, प्रत्येक भागाला स्वतःचा कुलूप लागणारा आयसोलेटर द्या, आणि तो दिसेल अशा जागी बसवा. विजेच्या यंत्रसामग्रीसाठीच्या आयईसी ६०२०४-१ मानकात मेन डिस्कनेक्टचं हँडल कामाच्या पातळीपासून ०.६ ते १.९ मीटर उंचीवर हवं असं दिलं आहे. गुडघे टेकून यंत्राच्या मागे शोधावा लागणारा स्विच त्या उंचीत बसत नाही.

गार्ड आणि इंटरलॉकचंही (गार्ड उघडताच यंत्र थांबवणाऱ्या स्विचचंही) असंच. जर्मनीतल्या औद्योगिक अपघात विमा संस्थांच्या महासंघाने २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. धातुकामाच्या यंत्रांवरची सुमारे ३७ टक्के सुरक्षा साधनं कायमची किंवा अधूनमधून निकामी करून ठेवलेली असतात असं त्यात आढळलं. इतक्या जागी लोक स्विचला तार बांधतात, त्याअर्थी त्यांना त्या स्विचमुळे काम करता येत नाही. इंटरलॉकसाठीच्या आयएसओ १४११९ मानकात डिझायनरने स्विच निकामी करण्यामागची कारणं आधीच शोधावीत अशी अपेक्षा आहे, आणि ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. पट्टा कुठे घासतो ते चालू असतानाच दिसतं. तर मग गार्डला पारदर्शक खिडकी द्या. सेन्सर जुळवायचा तर यंत्र हळू फिरताना बघावं लागतं. त्यासाठी बटण दाबून धरलं तरच, आणि मंद गतीनेच चालेल असा मोड द्या. ग्रीस निपलपर्यंत जायला रोज गार्ड काढावा लागतो, तर निपलपासून नळी काढून गार्डच्या बाहेर आणा. एवढं केलं की गार्ड रोज काढायची वेळच येत नाही. आणि जो बोल्टने बसवलेला गार्ड काढावाच लागतो त्याचे बोल्ट गार्डलाच अडकून राहतील असे द्या. बारा बोल्टांनी बसलेला गार्ड वर्षभराने चार बोल्टांवर लटकताना दिसतो, कारण उरलेले आठ यंत्राखालच्या तेलात पडून हरवलेले असतात.

पॅनेलबद्दल थोडक्यात. वायर डक्ट पहिल्याच दिवशी ठासून भरू नका. वायरच्या टोकावरच्या फेरूलवरचे नंबर तेलाने पुसले जाणार नाहीत असे छापा. आणि यंत्र बसवताना जागेवर जे बदल झाले ते ड्रॉइंगमध्ये उतरवून मगच फाइल आमच्या हाती द्या. चुकीचं ड्रॉइंग हे ड्रॉइंग नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस जिवंत वायरला हात लावतो.

पण दोन गोष्टींवर मी थोडक्यात थांबणार नाही.

पहिली, पासवर्डची. पीएलसीतला (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) प्रोग्रॅम तुम्ही कुलूपबंद करता. तुमचं ज्ञान तुम्हाला जपायचं आहे, ते मला कळतं. पण लाइन उभी असते, स्क्रीनवर ‘सर्व्हिसशी संपर्क साधा’ एवढंच येतं, आणि कोणती अट पूर्ण झालेली नाही हे बघायला आम्हाला आत डोकावताही येत नाही. कारण बहुतेकदा किरकोळ असतं: एक सेन्सर हलला आहे, एक केबल तुटली आहे. प्रोग्रॅम बदलण्याचा हक्क तुमच्याकडे ठेवा. पण तो वाचण्याचा हक्क, तुमच्या शेऱ्यांसकट, ज्याने यंत्र विकत घेतलं त्याला द्या. आणि तुमची कंपनी बंद पडली किंवा ते मॉडेल तुम्ही सोडून दिलं तर पासवर्ड मालकाला मिळेल अशी लेखी सोय ठेवा. कंपन्या बंद होतात. यंत्रं चालूच राहतात.

दुसरी, नंबर झाकण्याची. ६३०८ हे बेअरिंग जगात सगळीकडे मिळतं: आतला व्यास ४० मिलिमीटर, बाहेरचा ९०, रुंदी २३. तुमच्या स्पेअर पार्टच्या यादीत मात्र त्याच्यापुढे तुमचा स्वतःचा दहा आकडी कोड असतो आणि ६३०८ कुठेच लिहिलेलं नसतं. सीलचं तसंच, बेल्टचं तसंच, साध्या प्रॉक्सिमिटी स्विचचंही तसंच. स्टोअरच्या माणसाकडे तीच वस्तू शेल्फवर पडलेली असते आणि तो तुमच्या कोडची वाट पाहत आठवडे काढतो. स्पेअर विकून कमाई करायची तर करा, तुमच्या खास भागांवर करा. जगाच्या मापाचा भाग स्वतःच्या कोडआड लपवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

हे सगळं करणं शक्य आहे का, असं कोणी विचारेल. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली तेव्हा ती तिथेच दुरुस्त करता येईल अशी आखलेली होती. उपकरणं खणासारखी सरकवून बाहेर काढता येत होती, धरायला दांडे होते, आणि अवकाशवीरांनी सोडवायचे बोल्ट बहुतेक जागी एकाच मापाचे, ७/१६ इंची डोक्याचे होते. जाडजूड हातमोज्यांतून, तरंगत काम करणाऱ्या माणसाचा हात समोर ठेवून ते यंत्र आखलं गेलं. १९९३ पासून २००९ पर्यंत पाच वेळा माणसं तिथे जाऊन दुरुस्ती करून आली. पण त्याच दुर्बिणीत एक वर्णपटमापक असा होता की तो जागेवर उघडावा लागेल असं कोणी धरलंच नव्हतं. मे २००९ मध्ये तो उघडायची वेळ आली तेव्हा त्याच्या झाकणाला शंभराहून जास्त बारीक स्क्रू होते, आणि त्याआधी वाटेतला एक दांडा काढायचा होता. त्या दांड्याचा एक स्क्रू झिजला आणि फिरेना. अवकाशवीर माइक मॅसिमिनो यांना शेवटी तो दांडा हाताने जोर लावून तोडावा लागला. एकाच यंत्रातले दोन भाग: एकाच्या वेळी दुरुस्ती करणारा आखणाऱ्यांच्या खोलीत होता, दुसऱ्याच्या वेळी नव्हता. तो फिरेनासा झालेला स्क्रू पृथ्वीवरच्या आम्हा सगळ्यांना चांगला ओळखीचा आहे.

खर्चाचा मुद्दा तुम्ही मांडाल, आणि तो खोटा नाही. विकत घेणारा किंमत बघतो, आणि स्पर्धकाचं यंत्र थोडं स्वस्त असतं. म्हणून हे पत्र जे खरेदी विभागातले लोक वाचत असतील त्यांनाही एक सांगायचं आहे: निविदेत गती आणि अचूकता मागता तसं मुख्य बेअरिंग, सील आणि बेल्ट बदलायला किती वेळ लागेल ते लेखी मागा, आणि यंत्र ताब्यात घेताना ते करून दाखवायला सांगा. चाचणीच्या दिवशी यंत्र पूर्ण वेगाने चालवून बघतात. त्याच दिवशी, आमच्या हत्यारांनी, एक बेअरिंग उतरवूनही बघावं. मात्र खरेदीदाराने मागितलं नाही म्हणून द्यायचं नाही, हे मला पटत नाही. वर सांगितलेल्या गोष्टींतल्या बऱ्याचशा, जसं की आटे पाडलेली भोकं, खाचा, बोल्टची एकसारखी मापं, कुलपाचं भोक, गार्डबाहेर आणलेली नळी, ड्रॉइंग करतानाच ठरवल्या तर त्यांचा खर्च यंत्राच्या किमतीत शोधूनही सापडणार नाही. यंत्र बसल्यानंतर याच गोष्टी करायच्या तर शटडाऊन लागतो.

तुमच्याकडे आज थ्री-डी मॉडेल आहे, त्यात माणसाची आकृती घालता येते. ती आकृती यंत्रासमोर नुसती उभी करून ठेवू नका. तिच्या हातात पाना द्या, हातमोजा घाला, तिला यंत्राखाली वाकवा आणि बघा, हात पोहोचतो का. मग खऱ्या माणसाला विचारा, कारण त्या आकृतीचे खांदे दुखत नाहीत. तुमच्या पुढच्या यंत्राच्या डिझाइन रिव्ह्यूला वेगवेगळ्या कारखान्यांतल्या दोन-तीन फिटरांना आणि एका इलेक्ट्रिशियनला बोलवा. आम्हाला तुमच्यासारखी गणितं येत नाहीत. पण कोणता बोल्ट गंजून अडकणार, कोणत्या ड्रेन प्लगखाली बादली मावणार नाही, कोणत्या सेन्सरवर पाय देऊन माणूस वर चढणार हे आम्ही ड्रॉइंग बघून सांगू शकतो. आणि तुमच्या नव्या अभियंत्यांना, पहिलं ड्रॉइंग हातात देण्याआधी, एका मोठ्या शटडाऊनला पाठवा. बघ्या म्हणून पाठवू नका. त्यांना बॉयलर सूट द्या, परमिटवर त्यांचं नाव घाला, स्वतःचं कुलूप द्या आणि तुमच्याच कंपनीचं एखादं जुनं यंत्र उघडायला लावा. शिकवायचं काम आम्ही करू.

कळावे,

आपला,
एक मेंटेनन्स फिटर